शनिवारची शाळा, लायब्ररी आणि कौन्सिलचं पत्र

प्रेषक: अनघा
विषय: लायब्ररीचे दिवस कमी होणार, तातडीचं

मंडळी, नमस्कार.

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलंय. एप्रिलपासून आपली लायब्ररी पाचाऐवजी दोनच दिवस उघडी ठेवायचा प्रस्ताव आहे, आणि त्या दोनांत शनिवार नाही. म्हणजे वरच्या खोलीतली आपली मराठी शाळा उघड्यावर. ३४ मुलं आहेत. जवळच्या दुसऱ्या हॉलची चौकशी केली, भाडं आत्ताच्या तिप्पट सांगितलं. लोकांची मतं मागवली आहेत, मुदत २१ तारखेपर्यंत. काय करावं ते कळवा.

प्रेषक: मिलिंद
विषय: उत्तर: लायब्ररीचे दिवस कमी होणार, तातडीचं

अनघाताई, वाचून संताप आला. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, दरवर्षी वाढतो, आपण मुकाट भरतो. त्या बदल्यात रस्त्यात खड्डे, कचरा पंधरा दिवसांनी, आणि आता लायब्ररीलाही कुलूप. पैसा जातो कुठे? यांना कारभार जमत नाही, दुसरं काही नाही. फॉर्म भरून काही होत नसतं, त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. शाळा झूमवर घेऊ या.

प्रेषक: आप्पा
विषय: उत्तर: लायब्ररीचे दिवस कमी होणार, तातडीचं

मिलिंद, तुझा राग खरा आहे. पण "पैसा जातो कुठे" हे मी जवळून पाहिलंय. निवृत्तीपूर्वी २२ वर्षं मी एका कौन्सिलच्या हिशेब खात्यात होतो (आपल्या नव्हे, दुसऱ्या).

२०१० साली सरकार बदललं, जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री झाले आणि इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या सरकारी अनुदानाला कात्री लागली. एकदाच नव्हे, वर्षामागून वर्ष. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये हिशेब मांडला: महागाई धरून, २०१०-११ पासून २०१७-१८ पर्यंत सरकारी निधी ४९ टक्क्यांनी घटला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे पाय पसरल्यावर अंथरूण निम्मं कापून नेलं. टॅक्स वाढवून भर काढावी, तर पहिली काही वर्षं सरकारच म्हणत होतं, टॅक्स गोठवा, थोडी भरपाई देतो. पुढे ठरलेल्या टक्क्यांपलीकडे जायचं तर सार्वमत घ्या, असा २०११ चा कायदा. आणि रोजच्या खर्चासाठी कौन्सिलला कर्जही काढता येत नाही, जमाखर्च जुळवावाच लागतो.

जानेवारी २०११ मधली एक संध्याकाळ सांगतो. आम्ही तिघं एका लांबलचक तक्त्यावर बसलो होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'एस' किंवा 'डी'. 'एस' म्हणजे स्टॅट्युटरी, कायद्याने करावंच लागणारं. 'डी' म्हणजे डिस्क्रिशनरी, मर्जीचं. वृद्धांची आणि अपंगांची देखभाल, एस. आईबापांपासून दूर ठेवावी लागलेली मुलं, एस. बेघर कुटुंबांना तात्पुरती जागा, एस. या ओळींना हात लावता येत नाही, उलट त्या दरवर्षी फुगतात. मग पेन्सिल 'डी'वर येते. बुधवारचं म्हाताऱ्यांचं जेवण, वर्षाला ११ हजार पौंड. ती ओळ मी माझ्या हाताने खोडली. एप्रिलमध्ये एका बाईंचा फोन आला, बुधवारची मिनीबस का आली नाही म्हणून. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

कारभार चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. वोकिंग कौन्सिलने हॉटेल आणि उंच टॉवर बांधायला अफाट कर्ज काढलं. बर्मिंगहॅमवर बायकांच्या समान वेतनाची जुनी देणी होती, त्यात नव्या संगणक प्रणालीचा घोळ. दोघांनी २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्च जुळत नाही असं जाहीर करून हात वर केले. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमकरांचा टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला. पण २०२५-२६ साठी ३० कौन्सिलांना सरकारकडून खास आर्थिक मुभा (एरवी मनाई असलेल्या रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायची किंवा मालमत्ता विकायची) घ्यावी लागली. तीसच्या तीस ठिकाणचे लोक नालायक निघाले, हे मला पटत नाही. आपल्याकडेही बघ: जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि एवढी श्रीमंत महापालिका दरमहा राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली. नळ दुसऱ्याच्या हातात गेला की असंच होतं.

फॉर्मबद्दल मात्र तुझं चुकतंय. लायब्ररी 'एस'मध्ये आहे, १९६४ चा कायदा आहे. फक्त किती शाखा, किती तास हे त्यात लिहिलेलं नाही, म्हणून पेन्सिल तिथेही पोचते. लंडनमधल्या ब्रेंट कौन्सिलने २०११ मध्ये १२ पैकी ६ लायब्रऱ्या बंद केल्या. त्यातली केन्सल राइजची लायब्ररी तर १९०० साली मार्क ट्वेन यांनी उघडलेली. लोक कोर्टात गेले आणि हरले. पण २०१८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरने २१ लायब्रऱ्यांवरचा हात काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा हायकोर्टाने तो निर्णयच रद्द केला: पैशांकडे पाहिलं, कायद्याने नेमून दिलेल्या कर्तव्यांकडे नाही. लोकांची मतं मागवली तर निर्णयाआधी ती मनापासून विचारात घ्यावी लागतात. हा दंडक १९८५ च्या एका खटल्यातून आला, तोही ब्रेंटच्याच शाळांवरून.

म्हणून आपण नुसतं "आमची संस्कृती जपा" लिहून पाठवायचं नाही. किती मुलं, कोणत्या वयाची, किती तास, कितीजण चालत येतात, शाळेनंतर किती पुस्तकं घरी जातात, हे लिहायचं. तक्त्यावर बसलेल्या माणसाला खोडायला जड जातं ते हेच.

प्रेषक: वृषाली
विषय: उत्तर: लायब्ररीचे दिवस कमी होणार, तातडीचं

आप्पा, मी तुमच्या त्या 'एस'च्या ओळीवर नोकरी करते. वृद्धांच्या घरी जाऊन कोणाला किती मदत लागते ते लिहून आणते. माझ्या यादीत अजून नसलेल्या एक आजी आहेत, आपल्याच लायब्ररीत मंगळवारी येतात. कोट काढतात, रेडिएटरशेजारची खुर्ची ओढतात, पेपर वाचतात, काउंटरवर दोन शब्द बोलतात. मागे दोन आठवडे दिसल्या नाहीत, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनीच घरी फोन केला. त्या पडल्या होत्या. मंगळवार बंद झाला तर वर्षभरात त्या माझ्या यादीत येतील, आणि लायब्ररीच्या एका दिवसापेक्षा तो खर्च कितीतरी मोठा असेल. हे मी फॉर्ममध्ये लिहिणार आहे, नोकरीचा उल्लेख न करता, इथली रहिवासी म्हणून.

प्रेषक: मिलिंद
विषय: उत्तर: लायब्ररीचे दिवस कमी होणार, तातडीचं

आप्पा, तो तक्ता डोक्यातून जात नाहीये. झूमचं मागे घेतो. शनिवारी दहा वाजता दारात उभा राहून मोजणी करतो: कोण आलं, चालत की गाडीने, किती पुस्तकं नेली. फक्त आपली नाही, येणाऱ्या सगळ्यांची.

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: लायब्ररीचे दिवस कमी होणार, तातडीचं

मंडळी, असं ठरलं. मिलिंदची मोजणी या आणि पुढच्या शनिवारी. मंडळाचं पत्र मी आणि आप्पा मिळून लिहितो, पण प्रत्येक घराने आपला फॉर्म वेगळा भरा. एकच मजकूर सगळ्यांनी चिकटवू नका. शनिवारऐवजी दुसरा कोणता दिवस कमी करता येईल, हेही पत्रात सुचवतोय. छापील फॉर्म काउंटरवर आहेत. ज्या आजी-आजोबांना इंग्रजीत लिहायला अवघड जातं, त्यांच्यासाठी वृषाली साडेअकरापासून खाली बसेल. चष्मा विसरू नका म्हणावं.