मदत हवी आहे: फ्लूच्या लशीच्या खोक्यावरची नावं कशी वाचायची?

मंडळी, मी नंदुरबारचा. वडील सत्तरीपुढचे, त्यात दमा. डॉक्टरांनी पावसाळ्याआधी फ्लूची लस सांगितली. मेडिकलवाला म्हणतो, आधी चार प्रकारांची यायची, आता तीनचीच येते. खोक्यावर असं आहे:

ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२ (एच१एन१) पीडीएम०९
ए/थायलंड/८/२०२२ (एच३एन२)
बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ (बी/व्हिक्टोरिया)

व्हिक्टोरिया ए मध्ये की बी मध्ये? चौथा कुठे गेला? आणि वडील विचारतात, "हा नवापूरच्या कोंबड्यांचाच ना?" २००६ ला तिथे बर्ड फ्लू आला, कोंबड्या मारून पुरल्या, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. लस नको म्हणून हटून बसलेत.

प्रतिसाद:
भाऊ, पहिलं अक्षर म्हणजे प्रकार. फ्लूचे विषाणू ए, बी, सी, डी असे चार. सी चा त्रास सहसा किरकोळ, डी मुख्यतः गुराढोरांत. म्हणून लशीत ए आणि बी एवढेच. पुढे नमुना सापडला ते ठिकाण, नमुन्याचा क्रमांक, साल. म्हणजे पहिल्या ओळीतलं व्हिक्टोरिया हे ऑस्ट्रेलियातलं राज्य. तिसऱ्या ओळीत कंसातलं व्हिक्टोरिया मात्र बी च्या एका वंशाचं नाव. गोंधळ होणारच, नावं ठेवणाऱ्यांनीच करून ठेवलाय.

एच आणि एन ही विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं. एच पेशीला चिकटतं, एन मुळे नवे विषाणू पेशीतून सुटतात. हे उपप्रकार फक्त ए चे. पीडीएम०९ म्हणजे २००९ च्या साथीतला, आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणायचो तो.

लशीतला चौथा म्हणजे बी चाच दुसरा वंश, यामागाता. मार्च २०२० नंतर तो जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तो लशीतून वगळायला सांगितलं. तेव्हा तीनची लस कमअस्सल नाही, बिनधास्त घ्या.

धागाकर्ता:
आणि नवापूर?

प्रतिसाद:
तो एच५एन१. प्रकार ए च, पण उपप्रकार वेगळा. कोंबडीतला असला की नावात ए नंतर 'चिकन' लिहितात, माणसातला असेल तर प्राणी लिहीतच नाहीत. खोक्यावर कुठे चिकन दिसतंय का? बाबांना तेच दाखवा. ही लस बर्ड फ्लूवर चालत नाही, हेही सांगून ठेवा. दरवर्षी घ्यावी लागेल, कारण एच-एन मध्ये बारीक बदल होत राहतात आणि यादी बदलते. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांच्या कानावर आधी घाला.