मशीन आहे, पण वाळवायचं काय?

भाड्याच्या घरातच वॉशिंग मशीन मिळत असेल तर थोडं जास्त भाडंही परवडतं, असं म्हणतात, ते पटतं. पण मशीन कोणतं, ते आधी बघा. लहान फ्लॅटमध्ये कधीकधी धुणं आणि वाळवणं एकातच करणारं मशीन असतं. त्यात ८ किलो कपडे धुतले, तरी एका वेळी वाळतात साधारण ५ किलो. उरलेले ओलेच बाहेर काढावे लागतात. मी हे न बघता घर भाड्याने घेतलं आणि पहिले दोन महिने खुर्च्यांच्या पाठीवर चादरी वाळवल्या.

आणि हो, दुरुस्ती कोणाची ते करारात लिहून घ्या. आमच्या करारात नुसतं 'मशीन आहे' एवढंच होतं. मशीनचा पंप गेला, तेव्हा खर्च मुकाट्याने मीच केला.