अनुभव धागा: एकट्याने, बाईकवरून, कोकणातले किल्ले

भटक्या_डोंबिवली
काल खालच्या मजल्यावरचा पोरगा मागच्या सीटवर तंबू आवळून बांधत होता. कुठे रे? तर म्हणे हर्णै, मग जमेल तसं खाली. झालं, माझं डोकं फिरलं. मीही असाच एकटा निघालो होतो. दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली, धोपाव्याला उतरलो आणि अंजनवेलचा गोपाळगड गाठला. खंदक, जांभ्याचे बुरूज, आत चक्क आंब्याची कलमं, आणि माणूस नावाला नाही. खाली वाडीत तंबूसाठी जागा विचारली तर एका आजोबांनी झापलं, "पडवी असताना तंबू कसला?" पुढेही जिथे जिथे विचारलं तिथे हेच. तंबूची घडी काही मोडली नाही. सकाळी पेज आणि लोणचं, वर "परत ये" असा दम.
तुमचं येऊ द्या. किल्ला कुठलाही चालेल.

मीनल_पेण
मुरूडच्या समुद्रातला पद्मदुर्ग!! होडी मिळाली तर नशीब, कारण सगळी गर्दी जंजिऱ्याला, कलालबांगडी तोफेशेजारी फोटो काढायला. इथे तटाचा दगड लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलाय, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा. मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखं दिसतं. मी बोट घालून पाहिलं, खाचेत पेरभर आत जातं आणि चुन्याची कड टोचते.
बाकी राजपुरीला हेल्मेट काढल्यावर होडीवाल्या मामांचा पहिला प्रश्न, "मालक कुठायत?" म्हटलं घरी, कुकर लावतायत.

शिंत्रेबुवा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मामा काय म्हणाले मग?

मीनल_पेण
"बरं आहे बाई तुमचं." आणि तिकिटाचे सुटे मागितले.

अलिबागचा_पांढरा_कांदा
मीनलताई, तुमच्याकडे चुना टिकला, आमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला बऱ्याच ठिकाणी चुनाच नाही. मोठाले दगड नुसते एकावर एक. फटीत पाणी शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. ओहोटीला चालत जाता येतं. भरतीच्या वेळेचा हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. आजी दिनदर्शिका बघून सांगायची, मोबाईलवाल्यांच्या आधी. बाईक वाळूत नेऊ नका, स्टँड रुततो आणि मग घोडागाडीवाले हसतात.

नियमांचा_राजा
पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, तंबू तर लांबच. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आपले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. कृपया वर चूल पेटवू नये.

शिंत्रेबुवा
राजे, धागा अनुभवांचा आहे. तुमचा सांगा की एखादा.

नियमांचा_राजा
विजयदुर्ग. पाच वाजता पहारेकऱ्याने बाहेर काढलं.

मालवणचो_झील
गाववाल्यांनु, पावसात होडये बंद असतत, तरी येतास नि जेटीवर उभे रवान तोंड पाडतास. सिंधुदुर्गार येवा तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्यो विहिरी बघा. चारय बाजूक खारा पाणी नि आत गोडा! तेवढा बघून पण लोक म्हाराजांच्या हातापायाच्या ठशांकडे पळतत. आणि एकटो इलास तर जेवल्याशिवाय जावचा नाय.

चेनस्प्रे
किल्ले राहू देत, गाडीचं बोला. खाऱ्या हवेत चेन रातोरात तांबडी होते. रोज रात्री पुसायची, तेल लावायचं, घाटात शिरायच्या आत एकदा घट्ट आहे का बघायचं. हर्णैला संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी गाडी बंदरावर होती. सुवर्णदुर्गाचा फोटो झकास आला, पण आठवडाभर सोसायटीतली मांजरं माझ्या मागच्या चाकाला सोडेनात.

पूर्वा_वसई
स्टोव्हवर काय करता तुम्ही लोक? नूडल्स सोडून सांगा.

मीनल_पेण
कुळथाची पिठी. पीठ घरून डबीत न्यायचं. लसूण-मिरचीची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, आणि पाण्यात कालवलेलं पीठ वरून ओतून ढवळत राहायचं. गुठळी झाली तर खायची गुपचूप.

साधा_माणूस
रोमात (नुसता वाचत) असतो, आज लिहितोय. बाबा गेले त्याच वर्षी गेलो होतो. घरात बसवेना. पूर्णगड, मुचकुंदीच्या मुखाशी. एवढासा किल्ला, दारात मारुती, मागच्या दरवाजातून थेट समुद्र. तटावर बसून होतो, किती वेळ ठाऊक नाही. एक आजी गुरं वळवत आल्या. नाव नाही, गाव नाही, एकदम "जेवलास का रे?" बाबा रोज फोनवर हेच विचारायचे. आजींनी पदराने डोळे पुसले माझे. जेवलो त्यांच्याकडे, आमटी-भात. भातावर तूप वाढताना त्या काहीच बोलल्या नाहीत.

भटक्या_डोंबिवली
दादा 🙏

मालवणचो_झील
आमच्याकडे येवा कधी. खराच सांगतंय.

पूर्वा_वसई
ऑफिसात डोळे पुसतेय. मीनल, आमसुलं आधी घालायची की पीठ घातल्यावर?

मीनल_पेण
आधी गं. जाऊबाई नंतर घालतात, पण त्यांचं सगळंच उलटं.

चेनस्प्रे
जयगड-तवसाळ फेरीबोट आहे ना सुरू? शनिवारी निघतोय.

अलिबागचा_पांढरा_कांदा
वारा असला तर बंद ठेवतात. आदल्या दिवशी फोन करून घ्या.

शिंत्रेबुवा
आणि मांजरं कुणाकडे सोडताय?