प्रति: तांबडी माती, काळी माती

वर विचारलंय, कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याकडची माती तांबडी आणि पूर्वेला शिरोळची काळीभोर, मग खालचे खडक वेगळे आहेत का? खडक एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. फरक केला पावसानं.

पश्चिमेच्या गगनबावडा, राधानगरी पट्ट्यात पाऊस धो-धो. लाखो वर्षं पाणी झिरपून सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून गेलं. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं. तोच जांभा. लोह गंजलं म्हणून तांबडा. (बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, त्याच बाजूला का सापडतं, हे आता सांगायला नको.) पन्हाळ्याजवळचं मसाई पठार सपाट टिकलंय तेही या जांभ्याच्या टणक टोपीमुळं. टोपीखालचा मऊ थर झिजतो, मग कडेचा जांभा तुटून खाली येतो.

शिरोळला पाऊस कमी, उतार नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथंच राहून फुगणारी चिकणमाती बनते. पावसाळ्यात चप्पल ओढून घेते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा.

"पुराच्या गाळानं जमीन सुपीक होते" असंही वर म्हटलंय, त्याच्याशी मात्र अर्धाच सहमत. तो गाळ म्हणजे बराचसा वरच्या गावांतल्या डोंगरउतारांवरचा कसदार थर. तिकडं नाचणीच्या वावराला बांध नसेल तर माती पंचगंगेमार्गे कृष्णेत गेलीच म्हणायची.