दहावीचा वर्ग पुन्हा जमवायचा आहे : तारीख कधीची धरावी आणि मुलींना कसं शोधावं?

अग्रणीकाठ

नमस्कार मंडळी. माझी शाळा तासगाव तालुक्यातली, गावातलं एकुलतं एक हायस्कूल. आमची दहावी मार्च १९९७ ची. दोन तुकड्या मिळून ९० च्या आसपास पोरं होतो. गेल्या वर्षी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात आता ४१ जण आहेत आणि त्यातल्या मुली फक्त ६.

स्नेहमेळावा घ्यायचं चाललंय. मी चिंचवडला नोकरीला आहे. पुण्यातल्यांचं म्हणणं असं, की २६ जानेवारीला जोडून सुट्टी बघावी, साताऱ्याला कासच्या रस्त्यावर एखादं रिसॉर्ट घ्यावं, एक रात्र राहावं आणि माणशी अडीच हजार काढावेत. ग्रुपवर अंगठे पुष्कळ पडले. गावाकडची पोरं मात्र गप्प आहेत. एकाला मुद्दाम फोन लावला तर म्हणाला, "तुम्ही ठरवा की, आम्ही बघतो." याचा अर्थ काय ते गावच्या माणसाला सांगायला नको.

मला खरोखर सगळे यायला हवे आहेत. गणिताचे सर ८० च्या पुढं गेलेत, अजून तासगावातच असतात. त्यांच्यासमोर निम्मा वर्ग उभा करायचा नाही मला. ज्यांनी असा मेळावा घेतलाय त्यांनी सांगा, तारीख कशी धरली? आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींचा पत्ता कसा काढला? आडनावं बदलली, फेसबुकवर शोधून सापडत नाहीत.

गलाई_कोईमतूर

दादा, मी खानापूर तालुक्यातला. दहावीनंतर चुलत्यासंगं कोईमतूरला आलो, गलाईच्या म्हणजे सोनं गाळायच्या कामाला. आता स्वतःचं दुकान आहे. आमच्या वर्गातली निम्मी पोरं अशीच बाहेर, कुणी मदुराई, कुणी त्रिशूर, एकजण पार अमृतसरला. तुमच्या वर्गातही गलाईवाले असणारच, तासगावचा पूर्व भाग म्हटल्यावर.

आमची अडचण नीट समजून घ्या. दिवाळीत तुम्हाला सुट्टी असते, आमचा तो धंद्याचा काळ. धनत्रयोदशीला दुकान बंद ठेवून कोण येणार? अक्षय्य तृतीयेचंही तसंच, इकडं त्या दिवशी सोन्याला गर्दी मावत नाही. आम्ही गावाकडं येतो ते जत्रेला. विट्याच्या आसपासचे दसऱ्यालाही येतात, पालखीच्या शर्यतीसाठी. जत्रा तर कुणीच चुकवत नाही. देवाचं करायचं असतं, आईबापांना भेटायचं असतं. आणि गावाला आल्यावर चार-सहा दिवस तरी राहतोच.

आणि तारीख लवकर सांगा. रेल्वेचं आरक्षण आधी १२० दिवस अगोदर उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. मे महिन्यात मिरजेकडं येणाऱ्या गाड्यांत खिडकी उघडली की जागा संपते. तीन महिने आधी तारीख पक्की कळली तर माणूस आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी मोबाईल हातात धरून बसतो. "बघू, नंतर सांगतो" असा मेसेज आला की आम्ही मनातनं बाद होतो.

येरळाकाठची

अग्रणीकाठ दादा, मी अंगणवाडी सेविका आहे. माहेर आणि सासर दोन्ही खानापूर तालुक्यात. आमचा १९९३ चा वर्ग आम्ही शाळेतच जमवला. सगळ्या मुलींना फोन करायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. २६ जानेवारी तासगावात? द्राक्षबागेत माल उभा असतो ओ. ऑक्टोबर छाटणी धरली तर साधारण चार-साडेचार महिन्यांत माल निघतो, म्हणजे जानेवारी ते मार्च घरातलं कुणी हलत नाही. व्यापारी आज येतो म्हणतो आणि उद्या येतो. त्यात ढग आले की रात्रीची झोप जाते. ज्याचा बेदाणा करायचाय तो पुढं शेडवर अडकतो. बागवाल्या पोरांनी ग्रुपवर काय लिहावं? "माझी बाग आहे म्हणून तारीख बदला" असं कुणी लिहीत नाही, माणूस गप्प बसतो. शिवाय २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन असतं. शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस आणि आम्ही अंगणवाडीवाल्या, कुणालाच सुट्टी नसते. सुट्टी असते ती ऑफिसातल्या माणसांना. मेळाव्याची तारीख त्यांच्या सोयीनं धरू नका. त्यांना रजा टाकता येते. बागवाल्याला, दुकानवाल्याला आणि सासरी असलेल्या बाईला रजा नसते, तेव्हा त्यांना ज्या दिवशी जमतं तोच दिवस धरा.

वर गलाईवाल्या भावांनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे. आम्हीही जत्राच धरली. नैवेद्याच्या दिवशी घराघरात पाहुणे असतात, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्यांचं मैदान. म्हणून तिसरा दिवस घेतला, सकाळी १० ते ४. शाळेला मे महिन्याची सुट्टी, वर्ग रिकामे. माहेरवाशिणी जत्रेला आलेल्याच असतात, पोरांना घेऊन. त्यांना मेळाव्यासाठी वेगळं घराबाहेर पडायला लागत नाही.

आता रिसॉर्टचं. मी स्पष्टच लिहिते, राग मानू नका. एक रात्र बाहेर राहायचं म्हटल्यावर तुमच्या ज्या ६ मुली ग्रुपवर आहेत त्यातली एखादी येईल. बाकीच्या "जमत नाही" एवढंच लिहितील आणि कारण सांगणार नाहीत. वर्गातल्या पुरुषांबरोबर मुक्कामाला जाते असं गावात राहणाऱ्या बाईला घरी सांगता येत नाही. त्यात नवऱ्याचा किंवा सासूचा दोष काढत बसायचा हा विषय नाही. शाळेत दिवसाउजेडी कार्यक्रम असला, सर असले आणि पोरंबाळं घेऊन यायची मुभा असली की तीच बाई ताठ मानेनं येते. काही जणींचे नवरेच मोटारसायकलवर सोडायला आले होते. त्यांना बसवून जेवायला घातलं.

मुलींना शोधायचं म्हणजे फेसबुक सोडून द्या. माहेर शोधा. आडनाव बदललं तरी माहेरचं घर तिथंच असतं. आणि भावाला विचारण्याआधी आईला नाहीतर भावजयीला विचारा. भावाकडनं नंबर मिळतो, पण आधी "कशाला पाहिजे?" हा प्रश्न येतो, आणि पुरुषानं विचारलं तर तो प्रश्न जरा जड आवाजात येतो. आईला सांगितलं, "मावशी, शाळेत सगळ्या पोरी जमणार हायत, तुमची लेक पायजेच," की मावशी स्वतः फोन लावून देतात. म्हणून तुमच्या त्या ६ जणींपैकी गावाजवळ राहणाऱ्या दोघींच्या हाती हे काम द्या. मुलींना पहिला फोन मुलीनंच करायचा. फोन दुपारी २ नंतर करावा, भांडीकुंडी उरकून बाई जरा टेकलेली असते. आणि विचारल्याशिवाय कुणाचाही नंबर ग्रुपवर टाकू नका. आमच्यातल्या काही जणी आजही ग्रुपवर नाहीत. त्यांना निरोप फोनवरच जातो.

यादीत नाव माहेरचंच लिहा, हजेरीत होतं तसं. सासरचं नाव हवं तर कंसात.

पैशाचं पण बोलायला पाहिजे. माणशी अडीच हजार म्हणजे ऊस तोडायला जाणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणीचे बऱ्याच दिवसांच्या कामाचे पैसे. आम्ही रक्कम जाहीरच केली नाही. गावच्या आचाऱ्याकडनं जेवण केलं, अख्खा मसूर, भाकरी, चपाती, जिरा भात आणि बुंदी. मांडव नव्हता, वर्गातच पंगती. खर्च दोघांनी लिहून ठेवला आणि ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं त्या दोघांकडं परस्पर दिलं. कुणी किती दिले ते त्या दोघांशिवाय आजपर्यंत कुणाला माहीत नाही. "यांनी भरले, यांचे बाकी" असली यादी ग्रुपवर एकदा जरी पडली तरी आठ-दहा माणसं कायमची तुटतात.

निवृत्त_मास्तर_सांगली

हायस्कूलवर आयुष्य गेलं माझं, आता सांगलीत विश्रामबागला राहतो. शिक्षकाच्या बाजूनं थोडं सांगतो.

अग्रणीकाठ, शाळेत जनरल रजिस्टर असतं. ते कायम जपून ठेवायचं दप्तर आहे. तुमच्या तुकडीतली सगळी नावं, गावं, कोण कधी दाखला घेऊन गेलं, सगळं त्यात सापडतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, दोघंतिघं समक्ष जा, शाळा चालू असताना पण परीक्षेच्या दिवसांत नको. नावं वाचून घ्या. रजिस्टरचे फोटो मात्र काढू नका, त्यात जन्मतारीख, जात, पालकांचं नाव असतं. कुठलाही जबाबदार मुख्याध्यापक तसे फोटो काढू देणार नाही.

सरांबद्दल. तुमचे सर ८० च्या पुढं आहेत म्हणता, तर आमंत्रण फोनवर नको, घरी जाऊन द्या. न्यायला-आणायला गाडी आणि बरोबर एक माणूस. जत्रेच्या दिवसांत ऊन असतं, त्यांचा कार्यक्रम सकाळी ११ च्या आत उरका. शाल, श्रीफळ, फेटा, सन्मानचिन्ह आणि प्रत्येकाचं भाषण यांत म्हातारा माणूस दमून जातो. माझ्या घरात शालींची चळत पडून आहे. मला आठवतं ते एका मुलानं जवळ स्टूल ओढून अर्धा तास नुसतं बोलत बसणं. तो नापास झाला होता दहावीत. आता त्याची रोपवाटिका आहे, आणि कलम कसं बांधतात ते तो मला समजावून सांगत होता.

अग्रणीकाठ

सगळ्यांचे आभार. सर, नापास झालेल्या मुलाचं तुम्ही लिहिलंत त्यावरून विचारतो. आमच्यात २० च्या वर पोरं त्या साली नापास झाली होती. ग्रुपचं नाव "मार्च ९७ बॅच" असं आहे. त्यातला एकही ग्रुपवर नाही. एकजण तर माझ्या बाकावरचा, सध्या वाशीच्या मार्केटात माथाडी आहे असं ऐकलं. त्यांना बोलवायचं तर कसं, त्यांना वाईट नाही का वाटणार? आणि जे वर्गमित्र आता नाहीत त्यांचं काय करतात?

येरळाकाठची

दादा, न बोलावल्याचं वाईट वाटतं. नापास झाल्याचं केव्हाच विसरलेत ते.

आधी ग्रुपचं नाव बदला. शाळेचं आणि गावाचं नाव ठेवा, साल काढून टाका. साल लिहिलं की त्या साली जे पास झाले तेवढेच उरतात. नापास झालेले जातात, नववीत शाळा सोडून उसाच्या टोळीबरोबर गेलेले जातात आणि सगळ्यात जास्त मुली जातात. आमच्या काळात आठवी-नववीनंतर लग्नं होत होती. तुमच्या दोन तुकड्यांत पाचवीला मुली किती होत्या आणि दहावीला किती उरल्या ते रजिस्टरात बघा म्हणजे कळेल. तुम्ही ६ मोजताय, त्याच्या कितीतरी पट निघतील.

आम्ही दहावीची यादी धरलीच नाही, सातवीची धरली. आमच्या मराठीच्या बाईंनी मेळाव्यात हजेरी घेतली तीही सातवीच्या यादीवरून. माझ्या शेजारी बसायची ती मुलगी नववीत लग्न होऊन कडेगावच्या बाजूला गेलेली. फोन केला तर म्हणाली, "अगं मी कुठं दहावी केली, मी कशाला येऊ?" मी म्हटलं, सातवीच्या यादीत तुझा नंबर माझ्या पुढचा आहे, तू नाही आलीस तर बाई माझ्या आधी कुणाचं नाव घेणार? आली. बाईंनी नाव घेतलं तेव्हा उभी राहून "हजर" म्हणाली आणि खाली बसेचना. तिचा मुलगा आता पोलीस भरतीची तयारी करतोय, आणि आमच्या वर्गातला एक हवालदार त्याला पुस्तकं आणि मैदानाचा सराव यात मदत करतो. ती दहावीच्या यादीत नव्हती म्हणून बोलावलं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं.

माथाडी मित्राला मेसेज करू नका. तुम्ही पिंपरी-चिंचवडला आहात, वाशी काही लांब नाही. बाकावरचा मित्र आहे तर एकदा स्वतः जाऊन भेटा. त्याच्याकडनं अजून चार जणांचा पत्ता मिळेल, कारण मार्केटात गावची पोरं एकमेकांना धरून असतात.

जे गेलेत त्यांची नावं हजेरीतनं गाळू नका. नाव घ्यायचं, कुणीतरी त्याच्या घरचं कोण काय करतं ते दोन वाक्यांत सांगायचं आणि पुढं जायचं. ग्रुपवर नुसती भावपूर्ण श्रद्धांजली टाकून भागत नाही. आम्ही त्यांच्या घरी आधी जाऊन सांगून आलो होतो, विचारून आलो होतो की नाव घेतलं तर चालेल ना. एका मित्राची बायको मुलीला घेऊन आली. मुलीला आपल्या बापाच्या शाळेतल्या गोष्टी ऐकायच्या होत्या. आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसून सांगत होतो, जेवणं मागं पडली तरी कुणी उठलं नाही.

गलाई_कोईमतूर

ताई, लाख बोललात. आमच्या ग्रुपचं नावही आजच बदलायला सांगतो.

अग्रणीकाठ दादा, तुमच्या वर्गातली दक्षिणेतली पोरं शोधायची असतील तर गावाचं नाव मला इथं सांगा. आमच्याकडं गाववार ओळखी असतात, त्या त्या शहरातल्या गलाईवाल्यांत निरोप फिरवतो. नंबर तुम्हाला देण्याआधी त्यांना विचारीन.

अग्रणीकाठ

गावाचं नाव तुम्हाला खाजगी निरोपात पाठवलंय. आमची जत्रा चैत्रात असते, द्राक्षं उतरलेली असतात, फक्त खरड छाटणीची (माल निघाल्यानंतरच्या छाटणीची) गडबड असते. त्याबद्दल बागवाल्या तिघांशी फोनवर बोललो. जत्रेचा तिसरा दिवस चालेल म्हणाले, त्यातला एक तर म्हणाला, "जेवणाची भांडी माझ्याकडनं." रिसॉर्टचं रद्द केल्याचं पुण्यातल्यांना सांगितलं, दोघे नाराज आहेत, त्यांच्याशी बोलतो. येत्या रविवारी वाशीला जाणार आहे. येरळाकाठच्या ताई, तुमच्या तालुक्यात आमच्या वर्गातल्या तीन-चार मुली दिल्या आहेत असं आई सांगत होती. माहेरची नावं आमच्या वर्गातली मुलगीच तुम्हाला फोन करून सांगेल, चालेल ना?

येरळाकाठची

चालेल. दुपारी २ नंतर करायला सांगा.