प्रतिसाद: फूट-इंचाचा हिशोब साध्या कॅल्क्युलेटरवर

वर कोणीतरी म्हटलंय की सायंटिफिक कॅल्सीवरचं डिग्री-मिनिटवालं बटण फूट-इंचाला चालतं, तर नाही हो चालत, ते 60 च्या पटीत मोजतं आणि आपला फूट 12 इंचाचा.

खरा घोळ पॉइंटचा असतो. आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा एक भिंत 9 फूट 10 इंच होती आणि मी पठ्ठ्याने सरळ 9.10 मारलं, म्हणजे कॅल्सीच्या लेखी झालं 9.1, खरं पाहिजे 9.83, एका भिंतीत जवळजवळ 9 इंच खाल्ले आणि मग स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) कमी पडल्यावर मिस्त्रीने जे बघितलं ना माझ्याकडे...

तेव्हापासून आधी इंच भागिले 12, मग त्यात फूट मिळवायचे. मिस्त्री सुतात सांगतो, 8 सूत म्हणजे 1 इंच, त्यामुळे 7 इंच 4 सूत म्हणजे साडेसात, भागिले 12, 0.625. एवढंच.

खोल्या जास्त असतील तर प्रत्येक खोलीच्या लांबी-रुंदीच्या गुणाकारानंतर एम प्लस दाबा (उत्तर मेमरीत मिळवलं जातं), शेवटी एमआरसी दाबलं की एकूण बेरीज, कागद लागत नाही. (आधी मेमरी क्लिअर करा बरं का, नाहीतर कालचा हॉल आजच्या बेडरूममध्ये येतो.)

वाळूच्या ट्रॉलीलाही हेच, लांबी रुंदी उंची सगळी फुटात करून गुणा, भागिले 100, आले ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). आणि सळईच्या वजनाला एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, 12 एमएमला मीटरला 0.89 किलोच्या आसपास येतं, वजनकाट्याची पावती आली की ताडून बघा.