रि: रि: रि: गनफ्लिंट ट्रिप, शुक्रवारी कोण किती वाजता पोचतंय (प्लीज आजच सांगा)

वैशाली, मंगळवार सकाळी ७:४१

मंडळी,
रिसॉर्टवाल्या बाईंचा काल परत फोन. त्यांचं ऑफिस रात्री आठला बंद होतं आणि शुक्रवार २५ सप्टेंबरला कुठल्या केबिनमध्ये कोण किती वाजता येणार ते त्यांना लिहून हवंय. आठनंतर येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवून दिवा लावून जाऊ म्हणाल्या, पण फार उशीर करू नका असं दोनदा म्हणाल्या. सात केबिन, एकतीस माणसं, आणि उत्तर आलंय फक्त चार घरांचं. आपण मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, गनफ्लिंट ट्रेलवर (म्हणजे ग्रँड मरे गावातून जंगलात जाणारा गाडीरस्ता) ४४ मैल आत असणार, तिथे सिग्नल नसतो, म्हणजे "जरा उशीर होतोय हं" असा फोन रस्त्यातून करता येणार नाही.

शीटमध्ये भरा. मला वेगळी मेल, वॉट्सॅप, देवळात भेटल्यावर तोंडी, यातलं काही करू नका. हर्षद, हे तुझ्यासाठी आहे.

वैशाली

---

मिलिंद, मंगळवार सकाळी ८:१५

वैशाली, शीटमध्ये "६ च्या आधी" आणि "६ ते ८" एवढे दोनच ऑप्शन आहेत, शुक्रवारी ऑफिस करून निघणारा माणूस यातल्या कशात बसतो ते सांग. मेपल ग्रोव्हहून डुलुथ १५५ मैल, डुलुथहून ग्रँड मरे ११०, मग ट्रेलचे ४४, म्हणजे ३०० च्या वर झाले. तीनला निघालं तरी शुक्रवारी हायवे ३५ई आणि ३५डब्ल्यू एकत्र येतात तिथे अर्धा तास जातो कारण अख्खं शहर केबिनला निघालेलं असतं, मग हिंकलीला पोरांना सिनॅमन रोल हवा असतो, मग डुलुथला बाथरूम. दहाच्या आत कुणी पोचत नाही, लिहून घे. गेली सहा वर्षं ट्रिप मी आणि संजय बघत होतो तेव्हा मुद्दाम अडीच-तीन तासांच्या पलीकडचं रिसॉर्ट घेत नव्हतो, ते उगाच नव्हे. असो, आता ठरलंच आहे तर काही बोलत नाही.

---

केतकी, मंगळवार सकाळी ८:३३

बोललास की :)

---

अनिरुद्ध, मंगळवार सकाळी ९:०२

आम्ही पण ३ लाच निघू शकतो. एक शंका, आमची गाडी इलेक्ट्रिक आहे, वर ट्रेलवर चार्जिंगची काही सोय आहे का? थंडीत रेंज पडते म्हणून विचारतोय.

---

प्रकाश काका, मंगळवार सकाळी ११:२०

प्रिय मंडळी,
मी शक्यतो लिहीत नाही पण आता लिहितो. रात्री ट्रेलवर गाडी चालवू नका. कृपा करून. सप्टेंबरअखेर म्हणजे मूसचा माजाचा काळ, नर सैरभैर झालेले असतात, कुठूनही रस्त्यावर येतात. हरणाचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात म्हणून ते लांबून कळतं, मूस इतका उंच असतो की त्याचे डोळे बरेचदा उजेडाच्या वरच राहतात आणि अंग काळं, त्यामुळे समोर रस्ता मोकळा आहे असंच वाटतं, आणि तो रस्ता म्हणजे चार लांब पाय आणि त्यावर हजार पौंडांचं धूड असतं जे थेट काचेवर येतं. मी ९० च्या दशकात ग्रीनवूड लेकच्या फाट्याच्या अलीकडे असा थांबलोय की बॉनेट आणि त्याच्या गुडघ्यात हातभर अंतर होतं. सौ. बाजूला झोपली होती, तिला उठवलं तर म्हणाली म्हैस इथे कशी आली. तो पाच मिनिटं हलला नाही. आम्हीही नाही.

आता मूस खूप कमी झालेत हे खरं, २००६ च्या सुमाराला आठ हजारांच्या वर मोजले होते, हल्ली त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण आपल्याला एकच पुरे असतो.

त्या दिवसांत ग्रँड मरेला सूर्य सातच्या आत मावळतो. म्हणजे ग्रँड मरेहून पावणेसहाला वर निघालात तर उजेडात पोचाल, त्यासाठी घरून बाराला निघायला हवं. नाहीतर शुक्रवारी रात्री टू हार्बर्स किंवा डुलुथला राहा आणि शनिवारी सकाळी या. अंधारात हायवे ६१ वरून गेलात तर गूसबेरीचा धबधबा नाही, स्प्लिट रॉकचं १९१० चं दीपगृह नाही, लेक सुपीरियर उजव्या हाताला सबंध वेळ असूनही दिसणार नाही. मग जायचं कशाला?

प्र.

---

मिलिंद, मंगळवार सकाळी ११:४१

काका म्हणतात ते बरोबरच आहे पण शुक्रवारी रात्रीचे केबिनचे पैसे भरलेत, ते सोडून वर डुलुथला मोटेलचे पैसे भरायचे? पानं रंगतात त्या पीक कलरच्या वीकेंडला? दर बघितलेत का कुणी?

---

शुभदा काकू, मंगळवार दुपारी १२:०६

अगं वैशाली, २५ ला अनंत चतुर्दशी आहे!! कॅलेंडर बघितलंस का? आमच्याकडे दहा दिवसांचा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी जेवायला येता. मंडळाचं विसर्जन आदल्या शनिवारी आहे म्हणून तुम्ही मोकळे, आम्ही कसे निघणार बाराला? आरती, नैवेद्य, दही-पोहे, विसर्जन, सगळं व्हायला संध्याकाळ होते. आणि रविवारपासून पितृपक्ष. मला आधी विचारलं असतं तर मी आदला आठवडा सांगितला असता.

---

वैशाली, मंगळवार दुपारी १२:३०

काकू, तारीख मार्चमध्ये लिस्टवर टाकली होती, आदल्या आठवड्यात रिसॉर्टकडे तीनच केबिन होत्या. तुमचं चुकवायचं नव्हतं, खरंच सॉरी.

एक सुचवू का, रागावू नका, बाप्पाला गाडीतून बरोबरच आणलंत तर? शुक्रवारी संध्याकाळी वर आरती करू, तिथे सगळेच असतील.

---

हर्षद, मंगळवार दुपारी १२:४४

वा!! लेकवर विसर्जन. कनूमधून. मी वल्हवतो.

---

केतकी, मंगळवार दुपारी १:१०

हर्षद, लेकमध्ये काहीही सोडायचं नाही. त्या भागात लोक लेकचं पाणी गाळून पितात. पलीकडे बाउंडरी वॉटर्सचं संरक्षित जंगल सुरू होतं, तिथे तर एका वेळच्या वापराचे डबे-बाटल्या नेलेल्या चालत नाहीत, आणि आपण रंग दिलेली मूर्ती आणि निर्माल्य सोडणार?

---

हर्षद, मंगळवार दुपारी १:१३

शाडूचा आहे ना काकूंचा?

---

केतकी, मंगळवार दुपारी १:१५

रंग शाडूचा असतो का?

---

नितीन, मंगळवार दुपारी १:१९

नमस्कार, प्लीज मला या लिस्टवरून काढा. आम्ही ह्यूस्टनला मूव्ह होऊन तीन वर्षं झाली. आधीही दोनदा लिहिलं होतं.

---

प्रकाश काका, मंगळवार दुपारी २:०५

एक गंमत सांगतो, गनफ्लिंट ट्रेलवर वर जाताना वाटेत लॉरेन्शियन डिव्हाइड ओलांडावा लागतो, पाटी आहे. त्याच्या अलीकडचं पाणी सुपीरियरला आणि शेवटी अटलांटिकला, पलीकडचं उत्तरेकडे हडसन बेला. आपलं रिसॉर्ट पलीकडे आहे. म्हणजे तिथे विसर्जन केलंत तर बाप्पा हडसन बेला जाणार, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून उपयोग नाही, तिथे बर्फ असतो.

बादलीत करा. आम्ही १९८८ पासून बादलीतच करतो, माती गुलाबाला घालतो.

प्र.

---

शुभदा काकू, मंगळवार दुपारी २:३१

भावजी, चेष्टा पुरे. बाप्पा कुठेही जात नाही, सहा तास गाडीत मूर्तीला धक्के. मी आणि हे शनिवारी येऊ. माझ्या केबिनमध्ये कुणाला झोपायचं असेल शुक्रवारी तर झोपा, पण पांघरुणं नीट ठेवा.

---

अनिरुद्ध, मंगळवार दुपारी ३:१०

चार्जिंगबद्दल कुणी सांगेल का?

---

संजय, मंगळवार दुपारी ४:२६

अनिरुद्ध, वर धरून चालूच नकोस. ग्रँड मरेला शंभर टक्के करून घे, ४४ आत ४४ बाहेर, दोन दिवस तिथे इकडेतिकडे केलंस तरी सव्वाशेच्या वर जात नाही. पेट्रोलवाल्यांनाही तेच लागू, टाकी ग्रँड मरेला फुल. ट्रेल एकूण ५७ मैल आहे, पंपाच्या भरवशावर राहू नका. मागे एकदा (तुम्ही नव्हता) एकजण पाव टाकीवर वर गेला, नाव घेत नाही, परतताना उतारावर न्यूट्रल टाकून आला.

आणि नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. गाव सोडून डोंगर चढलात की फोन म्हणजे कॅमेरा.

---

मिलिंद, मंगळवार संध्याकाळी ५:०२

नाव घेत नाही म्हणजे काय, मीच होतो. आणि पाव नव्हती, पावच्या वर होती.

फोनवरून आठवलं, ग्रँड पोर्टेजकडे चक्कर मारणार असाल तर फोन कधी कधी कॅनडाचा टॉवर पकडतो. पलीकडचं थंडर बे ईस्टर्न टाइमवर आहे, त्यामुळे घड्याळ आपोआप एक तास पुढे जातं. आम्ही त्या नादात चेकआउटला तासभर आधी सगळ्यांना हाकलून बाहेर काढलं होतं, अजून बायको ऐकवते.

---

रश्मी, मंगळवार संध्याकाळी ५:४०

कॅनडा इतकं जवळ आहे का? माझे आईबाबा आलेत व्हिजिटर व्हिसावर, कनूमध्ये बसले आणि चुकून पलीकडे गेले तर??

---

संजय, मंगळवार संध्याकाळी ५:५२

आपला लेक पूर्ण अमेरिकेतच आहे, घाबरू नकोस. सीमेवरचे लेक वेगळे, सॅगनगा वगैरे, तिथे पाण्यात रेघ मारलेली नसते. तरी पासपोर्ट बरोबर असू देत, सीमेजवळचा भाग आहे. आणि बाबांना गळ टाकायचा असेल तर १६ वर्षांवरच्यांना लायसन लागतं, ऑनलाइन मिळतं, इथूनच काढून घे, तिथे ऑनलाइन काही नाही.

---

रश्मी, मंगळवार संध्याकाळी ६:०५

थँक्स दादा. बाबा विचारतायत कुठला मासा मिळतो. आणि आई विचारतेय "ग्रँड मरे" हे कसलं मेलं नाव, मरे काय मरे, दुसरं गाव नाही का.

---

प्रकाश काका, मंगळवार संध्याकाळी ६:३८

वॉलाय. चवीला चांगला, काटे कमी, पण बांगड्याची अपेक्षा ठेवून खाऊ नये.

---

केतकी, मंगळवार रात्री ८:१२

किचनचं कुणीच विचारत नाहीये म्हणून मी लिहिते. केबिनमध्ये प्रोपेन शेगडी आहे, चार बर्नर, पण भांडी त्यांच्या हिशोबाची, म्हणजे एकतीस माणसांची खिचडी होईल असं पातेलं नाही. माझा दहा लिटरचा कूकर आणते. मोठी परात कोणाकडे आहे? आणि रात्री काहीही बाहेर ठेवायचं नाही, कूलर नाही, कचऱ्याची पिशवी नाही, गाडीत चिवड्याचा डबापण नाही. अस्वलं हिवाळ्याआधी दिवसभर खात सुटलेली असतात. सरपण घरून आणू नका, किडे पसरतात म्हणून लाकडं लांब न्यायची नाहीत असं राज्यभर सांगतात, वरच विकत मिळतं.

---

हर्षद, मंगळवार रात्री ८:२०

कूकरच्या शिट्टीने मूस येतो का?

---

वैशाली, मंगळवार रात्री ९:४७

शीट बघितली. दिवसभरात एवढ्या मेल्स आणि शीटमध्ये नवीन घरं: एक. (थँक यू रश्मी.)

मी बाईंशी परत बोलले, आता हे फायनल, बदल हवा असेल तर उद्या दुपारपर्यंत.

मी, केतकी आणि संजय शुक्रवारी सुट्टी टाकून साडेअकराला निघतोय, सगळं जेवणाचं सामान आमच्या तीन गाड्यांत. ज्यांना सुट्टी मिळत नाही (मिलिंद, अनिरुद्ध, हर्षद) त्यांनी तीनला निघून ग्रँड मरेला एकत्र जमायचं आणि तिथून तीन गाड्या पाठोपाठ, पुढच्याने चाळीसच्या वर जायचं नाही. पुढे मिलिंद, कारण रस्ता त्याने बघितलाय. ग्रँड मरेहून निघताना रिसॉर्टच्या ऑफिसच्या लँडलाइनला फोन करायचा, मी तिथे बसलेली असेन, दीड तासात दिसला नाहीत तर संजय गाडी घेऊन खाली येईल. काका आणि शुभदा काकू शनिवारी सकाळी, वाटेतलं सगळं बघत. काका, काकूंना तुमच्या गाडीत घ्याल का, भाऊकाकांना आता लांबचं ड्रायव्हिंग नको असं काकू म्हणाल्या होत्या.

रश्मी, आईबाबांना घेऊन तू आमच्याबरोबर निघ, उजेडात.

---

मिलिंद, मंगळवार रात्री १०:०३

चाळीस? तिथे लिमिट जास्त आहे.

---

प्रकाश काका, मंगळवार रात्री १०:१०

मिलिंद, चाळीस.

शुभदावहिनी, शनिवारी सकाळी सहाला तुमच्या दारात. दीपगृहाशी चहा, थर्मास मी आणतो.

---

शुभदा काकू, मंगळवार रात्री १०:२२

सहा नको, साडेसहा. उकडीचे उरलेले मोदक घेते. आणि वैशाली, वर तुम्ही शुक्रवारी आरती करणार असाल तर सुखकर्ता नीट म्हणा, मुलांना शेवटचं कडवं येत नाही.

---

अनिरुद्ध, मंगळवार रात्री १०:४०

पुढे मिलिंद असेल तर टाकी कोण तपासणार?

---

नितीन, मंगळवार रात्री ११:०८

लिस्टवरून काढायचं राहिलंच, पण ग्रँड मरेला डोनट घ्यायचे असतील तर सकाळी लवकर रांगेत राहा, उशिरा गेलं की हवे ते मिळत नाहीत. शनिवारी येणाऱ्यांना वाटेत पडेल.